अमर कहाणीत न मावलेला डॉक्टर



स्मृतिव्याख्यान म्हटलं की कुणाचा तरी गौरव ऐकायला मिळणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी एका चित्रपटाच्या उणिवा सांगणार आहे, आणि तो चित्रपट सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. व्ही. शांतारामांचा 1946 सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मलेला, चीनच्या युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच वारलेला आपला डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. त्याच्यावरचा हा युद्धपट. तो नसता तर कोटणीसांचं नाव घराघरांत पोचलं नसतं, हे मी आधीच मान्य करून टाकतो. पण पोचलं ते काय? माणूस पोचला, की त्याच्या नावाचा दुसराच कुणीतरी? माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे, की कोटणीसांना मोठं करण्याच्या भरात या चित्रपटानं त्यांना लहान केलं. हे म्हणणं पुराव्यानं मांडायची जबाबदारी माझी, आणि न पटल्यास उठून विचारायचा हक्क तुमचा.

आधी चित्रपटाची बाजू. निर्मिती राजकमल कलामंदिरची. कथेमागे ख्वाजा अहमद अब्बास यांचं 1944 सालचं पुस्तक, पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची, संगीत वसंत देसाईंचं. पडद्यावर स्वतः शांताराम, जयश्री, बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक, केशवराव दाते. त्या काळच्या मराठी माणसाला विचारा, याहून मोठी नावं एका तिकिटात कुठे मिळणार होती? काळही कठीण होता. युद्धामुळे कच्ची फिल्म नियंत्रणाखाली, सेन्सॉर इंग्रजांचा, चीनमध्ये जाऊन चित्रण करणं अशक्य. हे सगळं जमेस धरूनच हिशेब मांडायला हवा. म्हणून तोफा खोट्या वाटतात, डोंगर रंगवलेले दिसतात, असल्या तक्रारी मी करणार नाही. ज्या उणिवा पैशामुळे किंवा परिस्थितीमुळे राहतात, त्या माफ. ज्या निवडीमुळे राहतात, त्यांच्याबद्दल बोलू.

पहिली निवड नायकाची. 1938 साली चीनला निघताना कोटणीस 27 वर्षांचे होते आणि वारले तेव्हा 32 वर्षांचे. शांताराम 1901 सालचे, म्हणजे चित्रपट आला तेव्हा पंचेचाळिशीला टेकलेले. वयाचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. नाटकात साठीचे नट पंचविशीचे झालेले आपण गोड मानून घेतलेच आहेत. पण इथे निर्माता, दिग्दर्शक आणि नायक एकच आहे, आणि स्टुडिओचा मालकही तोच. अशा वेळी कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे किती वेळ वळणार? प्रत्यक्षात काँग्रेसनं चीनला पाठवलेलं पथक पाच डॉक्टरांचं होतं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, ज्यांनी त्याआधी स्पेनच्या यादवीत काम केलं होतं. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले कोटणीस. पाचांत अनुभवानं ज्येष्ठ कोटणीस मुळीच नव्हते. बाकीचे चौघे एकेक करून परतले, बसू सर्वांत शेवटी, 1943 साली. कोटणीस राहिले. त्यांचं वेगळेपण या राहण्यात आहे, आणि ते दिसायला बाकीच्या चौघांची गरज आहे. परत जाण्याची वाट उघडी होती, परतलेल्यांनी काही गुन्हा केला नव्हता, तरी एकजण का थांबला? हा प्रश्न पाच माणसं भरीव उभी केली तरच पडतो. पहिल्या रिळापासूनच एकाच्या डोक्यामागे तेजोवलय काढलं, की प्रश्न संपला. तो थांबणारच, तो नायक आहे!

आणि हे शांतारामांना कळत नव्हतं असं कसं म्हणू? ‘माणूस’मध्ये एक साधा पोलीस शिपाई त्यांनी केवढा उभा केला होता. ‘शेजारी’मध्ये दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या भांडणातून अख्ख्या देशाचं दुखणं दाखवलं. ‘कुंकू’त अन्यायाविरुद्ध उभी राहणारी मुलगी आहे, आणि स्वतःची चूक उमगत जाणारा केशवराव दात्यांचा म्हाताराही. प्रभातच्या या चित्रपटांत शांताराम कॅमेऱ्यामागे होते, आणि सामान्य माणूस पडद्यावर मोठा होत होता. म्हणजे मी परदेशी मापानं मोजत नाही. शांतारामांच्याच मापानं मोजलं तरी ‘कोटणीस’ उणा भरतो.

आता दुसरी निवड, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडलेली. चित्रपटातला कोटणीस चीनमध्ये प्लेगच्या भयंकर साथीवर इलाज शोधून काढतो, जपान्यांच्या तावडीत सापडतो, सुटतो, आणि शेवटी त्याच प्लेगला बळी पडतो. खरे कोटणीस अपस्मारानं गेले. फेफरं. झटके येत होते, वाढत होते, आणि हेबेई प्रांतातल्या एका खेडेगावात त्यांनीच घात केला. प्लेगवरचा इलाज कोटणीसांनी शोधल्याची नोंद कुठेही नाही.

इथे कुणी म्हणेल, एकट्या माणसानं प्लेगवर लस शोधल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे ना? आहे. वाल्देमार हाफकिन. 1896 च्या साथीत ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत तीनेक महिने खपले आणि 10 जानेवारी 1897 रोजी लस आधी स्वतःला टोचून घेतली. गंमत अशी, की हाफकिन संस्था परळला, कोटणीस शिकले ते जी. एस. मेडिकल कॉलेज परळला, आणि राजकमल स्टुडिओही परळलाच. प्लेगचा खरा इतिहास स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर होता! पण हाफकिनची गोष्ट नीट वाचली तर ती या चित्रपटाच्या विरोधातच साक्ष देते. त्यांनी लस आधी जनावरांवर तपासली, स्वतःवर घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर, ज्यांनी टोचून घेतली आणि ज्यांनी नाही त्यांची तुलना मांडत. आणि पुढे 1902 साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली, तेव्हा याच हाफकिनना पदावरून दूर व्हावं लागलं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, गावात बाटली उघडताना चूक झाली होती, हे मान्य व्हायला वर्षं गेली. चिंचोळीच्या या औद्योगिक वसाहतीत औषधी द्रव्यं तयार करणारे कारखाने आहेत. तिथे काम करणारे जे कुणी समोर बसले आहेत, त्यांना मी काय सांगणार? बॅच म्हणजे काय, नमुना नापास झाला की सगळा माल कसा अडकतो, एका झाकणाच्या हलगर्जीपणानं काय होतं, हे तुम्ही रोज जगता. औषध असंच घडतं. एका थोर माणसाच्या एका झपाटलेल्या रात्रीत ते घडत नाही. चित्रपट मात्र नेमकं तेच शिकवतो.

बरं, प्लेग घालून काय मिळालं? दिसायला झकास असा मृत्यू मिळाला. आणि गमावलं काय? अपस्मार झालेला माणूस. थोडा विचार करा. आपल्याकडे आजही फेफऱ्याचं दुखणं लग्न ठरवताना लपवतात, नोकरीच्या ठिकाणी लपवतात, कांदा नि चप्पल हुंगायला देण्याचे प्रकार अजून थांबलेले नाहीत. अशा समाजापुढे एक डॉक्टर उभा राहिला असता, ज्याला झटके येतात आणि जो झटक्यांच्या मधल्या काळात शस्त्रक्रिया करतो, विद्यार्थ्यांना शिकवतो, पाठ्यपुस्तक लिहितो. शौर्य याहून वेगळं काय असतं? शत्रूच्या गोळीशी एकदा गाठ पडते. इथे आपलंच शरीर कधी दगा देईल याचा नेम नाही, तरी उद्याचं काम ठरलेलं आहे. 1946 च्या प्रेक्षकाला हे झेपलं नसतं, असं म्हणणारे त्या प्रेक्षकाला कमी लेखतात. ‘कुंकू’ पचवणारा प्रेक्षक होता तो.

हे काम तरी नक्की कसं होतं? जपाननं जुलै 1937 मध्ये चीनवर चढाई केली होती. सप्टेंबर 1938 मध्ये आपलं पथक निघालं, हान्काउ, चुंगकिंग असं करत 1939 च्या फेब्रुवारीत येनानला पोचलं. तिथून पुढे कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर जपानी फळीच्या मागच्या डोंगराळ मुलखात गेले. त्या मुलखात त्यांच्या आधी काम केलं होतं कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांनी. जखमी माणूस डॉक्टरकडे येईल याची वाट पाहायची नाही, डॉक्टरनं जखमीकडे जायचं, हे बेथून यांचं सूत्र. एप्रिल 1939 मधल्या एका लढाईत त्यांनी 69 तासांत 115 शस्त्रक्रिया केल्या. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, रक्तात विष भिनलं आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी ते गेले. पाहा, रुग्णांचं काम करताना त्याच कामातून मृत्यू ओढवलेला डॉक्टर खरोखर होता. तो बेथून होता. चित्रपटानं कोटणीसांना जो मृत्यू दिला, त्याची जातकुळी बेथूनच्या मृत्यूशी जुळते.

1940 च्या जपान्यांविरुद्धच्या मोठ्या मोहिमेत 13 दिवसांत 800 च्या वर जखमी कोटणीसांच्या हाताखालून गेले, असं सांगितलं जातं. सलग 72 तास ते शस्त्रक्रियेच्या टेबलाशी होते. 1941 साली बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रं त्यांच्याकडे आली. ते चिनी भाषा शिकले होते, चिनी भाषेतून शिकवत होते, आणि शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक त्यांनी लिहायला घेतलं होतं. शिकवणं! बहात्तर तासांपेक्षाही मला या गोष्टीचं अप्रूप जास्त आहे. कारण शेतकऱ्यांच्या पोरांना दीड-दोन वर्षांत तयार करून टोळ्याटोळ्यांनी आघाडीवर पाठवणं, ही त्या युद्धातली खरी वैद्यकीय करामत होती. एक कोटणीस किती हात कापणार, किती टाके घालणार? त्यांनी शिकवलेली पोरं मात्र त्यांच्यामागेही टाके घालत राहिली. चित्रपटात प्लेगच्या इलाजाला जागा आहे. या वर्गाला ती मिळाली नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. चित्रपट म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे. कलावंताला बदल करण्याची मुभा हवी. अगदी खरं. ऐतिहासिक नाटककारांनी शिवकालातले प्रसंग पुढेमागे केले म्हणून मी त्यांना फासावर चढवणार नाही. पण मुभा घेताना एक कसोटी लागते. केलेला बदल सत्याच्या दिशेनं नेतो की त्याच्यापासून दूर? दहा प्रसंगांचा एक प्रसंग केला, दोन सहकाऱ्यांचा एक सहकारी केला, तर माणसाचा गाभा उलट ठसठशीत होतो. प्लेगनं उलट केलं. चिकाटीच्या जागी चमत्कार आला, शिक्षकाच्या जागी संशोधक आला, आणि आजारी माणसाच्या जागी हुतात्मा. हे तिन्ही बदल एकाच बाजूला झुकतात, म्हणून त्यांना अपघात म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट युद्धाची, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण हा गुंता फारच विलक्षण आहे. 1938 साली हे पथक पाठवलं तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष कोण होते? सुभाषचंद्र बोस. चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंना मदतीसाठी लिहिलं होतं, आणि पथकासाठी निधी जमवण्यात सुभाषबाबू पुढे होते. त्याआधी, 1937 च्या ऑक्टोबरमध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात लेख लिहून त्यांनी जपानच्या आक्रमणावर टीकाही केली होती. आणि पथक पाठवल्यानंतर पाचच वर्षांनी, 1943 मध्ये, तेच सुभाषबाबू जपानच्या मदतीनं आझाद हिंद सेनेचं नेतृत्व करत होते. चित्रपट पडद्यावर आला 1946 साली. त्याआधीच्या हिवाळ्यात लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला होता आणि सगळा देश त्यांच्या बाजूनं पेटला होता. म्हणजे बाहेर रस्त्यावर ‘जय हिंद’च्या घोषणा, आणि आत थिएटरात जपानी म्हणजे निव्वळ राक्षस. एकच प्रेक्षक दोन्हीकडे टाळ्या वाजवत होता! याला प्रेक्षकाचा भोळेपणा म्हणायचं का? मला नाही वाटत. परदेशी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या माणसानं कुणाचा हात धरावा, हा त्या पिढीचा जिवंत, जाळणारा प्रश्न होता. सोलापूरला तर तो अधिकच जवळचा. 1930 च्या मार्शल लॉचं गाव हे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलेलं इथल्या लोकांनी सोसलेलं. ज्याच्या विशीत आपल्या गावात इंग्रजांचा लष्करी कायदा आला, तो तरुण आठ वर्षांनी दुसऱ्याच देशाच्या स्वातंत्र्यासाठी जातो, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असेल? आणि तो चिनी सैन्यातल्या कम्युनिस्टांमध्ये राहतो, 1942 च्या जुलैमध्ये त्यांच्या पक्षाचा सभासद होतो, हे काही फुटकळ टिपण नव्हे. चित्रपट हा प्रश्न बाजूला ठेवतो. चीन एक, जपान एक, मध्ये आपला डॉक्टर.

सेन्सॉर इंग्रजांचा होता, हे बोलून दाखवता आलं नसतं, असं कुणी म्हणेल. पूर्ण बोलता आलं नसतं, हे कबूल. पण जपानी माणसाला माणूस म्हणून दाखवायला कुठल्या सेन्सॉरनं अडवलं होतं? जखमी जपानी कैदी टेबलावर आणि वर वाकलेला कोटणीस, एवढा एक प्रसंग पुरेसा होता. याची फळं पुढे दिसली. 1962 च्या युद्धानंतर 1964 मध्ये चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ आला, बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद अशा ताऱ्यांसह. अठराच वर्षांत पडद्यावरचा चिनी माणूस भावाचा शत्रू झाला. इतका झटपट कसा झाला? कारण 1946 मध्येही तो माणूस म्हणून घडलाच नव्हता. आधी तो चांगला मुखवटा होता, नंतर वाईट. मुखवटा उलटायला कितीसा वेळ लागतो?

आता चित्रपटातली नायिका, छिंग लान. खऱ्या क्वो छिंगलान या परिचारिका होत्या, शिकवत होत्या, आणि 1941 साली कोटणीसांशी त्यांचं लग्न झालं. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, यिनहुआ. चित्रपटात ती जयश्री आहे. मराठी नटीनं चिनी बाई केली, यावर हसणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की ‘द गुड अर्थ’मध्ये लुईझा रायनर आणि ‘ड्रॅगन सीड’मध्ये कॅथरिन हेपबर्न चिनी बाया झाल्याच होत्या, आणि रायनरला त्यासाठी ऑस्कर मिळालं. तेव्हा डोळ्यांच्या रंगभूषेवर माझा राग नाही. राग या गोष्टीवर आहे, की स्वतःचं काम असलेली बाई प्रेमिका झाली, पत्नी झाली, आणि शेवटी कोटणीसांच्या घरचा उंबरठा ओलांडणारी सून झाली. मरता मरता नायक तिला आपल्या घरचा रस्ता सांगतो आणि पडद्यावर ती बाळाला घेऊन तिथे पोचते. चित्रपटातला हा सर्वांत सुंदर भाग, हे मी मोकळ्या मनानं सांगतो. शांतारामांची कॅमेऱ्याची समज इथे लखलखते. आणि तरीही तो सर्वांत फसवा भाग आहे. क्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्यांना भेटल्या, पण राहिल्या चीनमध्येच, आणि 2012 साली तिथेच वारल्या. कोटणीसांची समाधी चीनमध्ये आहे. मुलगाही तिथेच वाढला आणि ऐन तारुण्यात, 1967 साली, तिथेच गेला. परत न येणं हेच ज्या आयुष्याचं सार, त्याला चित्रपटानं घरी परत आणून सोडलं. का? आपल्या प्रेक्षकाला आपला माणूस परक्या मातीत ठेवणं सोसवलं नसतं म्हणून? की सून घरी आल्याशिवाय मराठी गोष्ट पुरी होत नाही म्हणून? दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं.

एक शेवटचा आक्षेप राहतो, आणि तो या सभागृहात कारखानदार बसलेले असल्यामुळे नक्की येणार. चुका काढणं सोपं, नवा चित्रपट काढून दाखवा. युद्धपटाला केवढा पैसा लागतो ठाऊक आहे का? ठाऊक आहे. पण मी सांगतोय त्या चित्रपटात लढाई जवळजवळ नाहीच. तिशीतला एक नट हवा, नावाजलेला नसला तरी चालेल. त्याच्याबरोबर आणखी चार डॉक्टर हवेत, ज्यांच्यावर कॅमेरा तेवढाच वेळ थांबेल. शेतकऱ्याच्या घरातली एक खोली, तिथलं टेबल, फळा, आणि मोडक्यातोडक्या चिनीत शिकवणाऱ्या मास्तरवर हसणारी पोरं. दुसऱ्या वर्गात आपल्या विद्यार्थिनींसमोर उभी असलेली क्वो छिंगलान. प्लेगच्या साथीला शेकडो माणसांची गर्दी लागते. फेफऱ्याचा झटका दाखवायला एक चांगला नट आणि धीराचा दिग्दर्शक पुरतो. खर्चाच्या मुद्द्यावर तर खरा कोटणीस केव्हाही स्वस्त पडेल.